सीएनसी राउटरवर मखर, आकाशकंदील आणि चौरंग करताना या चुका टाळा

श्रावण लागला की नाशिकमध्ये सीएनसी राउटर, म्हणजे संगणकावरील ड्रॉइंगप्रमाणे लाकूड कापणारे व कोरणारे यंत्र, चालवणाऱ्यांकडे मखरांची कामे येऊ लागतात, त्यांच्या मागोमाग आकाशकंदिलांची येतात, आणि दिवाळीपर्यंत चौरंग, पाट व देव्हारे यांची मागणी चालूच राहते. या घाईत काम बिघडले की पहिला संशय यंत्रावर घेतला जातो. प्रत्यक्षात बहुतेक दोष यंत्र सुरू करण्यापूर्वीच कामात शिरलेले असतात, म्हणून तपासणीही तेथूनच सुरू करावी.

सर्वांत महागात पडणारी चूक ओलाव्याची आहे. घरातील फर्निचरसाठी लाकडातील ओलावा साधारणपणे 8 ते 12 टक्के असावा, परंतु भर पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये ठेवलेले सागवान हवेतील दमटपणा शोषून या मर्यादेच्या वर जाते. अशा फळीपासून भाद्रपदात केलेला चौरंग त्या वेळी अगदी घट्ट बसतो; मात्र मार्गशीर्ष-पौषात निफाडकडची थंडी वाढून हवा कोरडी झाली की लाकूड आक्रसते आणि जोड उघडे पडू लागतात. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, रुंदीच्या दिशेने मात्र निश्चित हलते. म्हणूनच चौरंगाची वरची फळी चारही बाजूंनी गोंद व स्क्रूने जखडून टाकली, तर ती मधोमध तडकण्याची शक्यता असते. फळी कापण्याआधी ओलावामापकाने तपासावी, फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घालून हवा खेळती ठेवावी, आणि वरची फळी बसवताना खालच्या चौकटीत स्क्रूसाठी गोल भोकाऐवजी लांबट खाच पाडावी, म्हणजे फळीला हलायला जागा मिळते. एमडीएफचे (लाकडाचे तंतू रेझिनने दाबून केलेल्या बोर्डाचे) शीट भिंतीला तिरके टेकवून ठेवल्यास त्याला बाक येतो आणि ओल्या फरशीवरची कडा फुगते. ते नेहमी आडवे, जमिनीपासून उंच ठेवावे.

दुसरी चूक जाडीची. 18 मिलिमीटर म्हणून घेतलेले प्लायवुड मोजल्यावर पुष्कळदा त्याहून कमी भरते. ड्रॉइंगमध्ये 18 हाच आकडा ठेवला, तर मखराचे खांब खाचेत सैल बसतात आणि सगळी कमान डोलते. प्रत्येक शीट तीन-चार ठिकाणी व्हर्नियरने मोजावे, खाच त्या मापापेक्षा 0.1 ते 0.2 मिलिमीटर मोठी ठेवावी आणि आधी टाकाऊ तुकड्यावर कापून पाहावी. 6 मिलिमीटर व्यासाचा बिट (यंत्रात फिरणारे कापण्याचे पाते) आतल्या कोपऱ्यात 3 मिलिमीटर त्रिज्येची गोलाई सोडतो, त्यामुळे चौकोनी टोक त्यात बसत नाही. त्यासाठी ड्रॉइंगमध्येच कोपऱ्याला बिटच्या मापाचे जादा भोक द्यावे. नंतर पटाशीने कोपरे काढत बसण्यात सणाचा वेळ जातो.

कडा काळी पडणे आणि जळका वास येणे ही तक्रार वारंवार ऐकू येते. अशा वेळी बरेच जण फीड, म्हणजे बिट लाकडातून पुढे सरकण्याचा वेग, आणखी कमी करतात, आणि त्याने जळणे वाढते. स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) 18,000 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला 18,000 फेऱ्यांवर, असेल आणि बिटला दोन धारा असतील, तर मिनिटाला 3,600 मिलिमीटर फीडवर प्रत्येक धार 0.1 मिलिमीटर लाकूड कापते. फीड 1,200 वर आणले की धारेच्या वाट्याला जेमतेम 0.03 मिलिमीटर येते, आणि धार लाकूड कापण्याऐवजी घासू लागते. सागवानासारखे लाकूड कापताना पडणारा भुसा चिमटीत घेऊन पाहावा. बारीक छिलके हाताला लागले तर गती योग्य आहे, पिठासारखी पूड आली तर फीड वाढवावे किंवा आरपीएम कमी करावे. एमडीएफची मात्र नेहमीच पूड होते, तेथे कडेचा रंग हीच खूण मानावी. सागवानात सिलिका असल्याने धार लवकर बोथट होते, हेही लक्षात असू द्यावे.

देवनागरी अक्षरांच्या कामाकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही, याची खंत वाटते. टोकदार व्ही-बिटने ‘मंगलमूर्ती’ कोरताना शिरोरेषा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक दिसली, तर दोष टेबलाच्या किंवा शीटच्या पातळीत आहे: 90 अंशांच्या बिटमध्ये खोलीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला की रेषेची रुंदी पूर्ण एक मिलिमीटरने बदलते. स्पॉइलबोर्ड (टेबलावर शीटखाली अंथरलेला बोर्ड) सपाट करून घ्यावा आणि शीट मध्यभागीही धरून ठेवावे. अक्षरे आरपार कापायची असतील, तर शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा ड्रॉइंगमध्ये एकमेकींवर चढलेल्या असतात. त्या एकजीव केल्या नाहीत, तर बिट नेमका तेथेच काप घालतो आणि शब्दाचे तुकडे होतात. ‘मं’वरचा अनुस्वार सुटा पडतो, म्हणून त्याला खालून बारीक पूल द्यावा. शब्द पाटीत जाळीसारखा कापला, तर ‘व’ आणि ‘ब’ यांच्या पोटातील तुकडेही निसटतात.

आकाशकंदिलाच्या 3 किंवा 4 मिलिमीटर जाळीत आतील नक्षी आधी आणि बाहेरची कड शेवटी कापावी, कारण कड आधी सुटली की तुकडा हलतो. लहान तुकड्यांना टॅब, म्हणजे शीटला धरून ठेवणारे न कापलेले छोटे दुवे, ठेवावेत. सुटलेला तुकडा फिरत्या बिटमध्ये अडकून जोराने उडू शकतो. वरची कड उसवत असेल, तर चुरा खाली ढकलणारा डाउनकट बिट वापरावा.

धुळीबाबत हयगय अजिबात नको. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे, आणि एमडीएफच्या धुळीत फॉर्मल्डिहाइडयुक्त रेझिनही असते. डस्ट कलेक्टर सुरू असला तरी एन-95 मास्क लावावा. बिट जळत असेल, तर काम थांबवून कलेक्टरची पिशवी उघडून पाहावी, कारण धगधगता कण आत ओढला गेल्यास पिशवीतील भुसा गाळा बंद केल्यानंतरही पेटू शकतो.