एपी यूएस हिस्टरी: उन्हाळ्याच्या सुट्टीत खरी तयारी कशी करावी

अकरावीत एपी यूएस हिस्टरी (शाळेतच शिकवला जाणारा, कॉलेजच्या पातळीचा अमेरिकेचा इतिहास) घेतलेल्या मुलांना जून उजाडला की एकच सल्ला चहूकडून मिळतो: जाडजूड गाईड आण, रोज एक प्रकरण वाच, सनावळ्यांची फ्लॅशकार्डं कर. न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी घरांमधल्या मुलांकडून मी बरीच वर्षं या विषयाची तयारी करून घेते आहे. हा सल्ला मनापासून पाळणारी मुलं शाळा सुरू होऊन महिना होत नाही तोच दमलेली दिसतात. तारखा पाठ असतात आणि निबंधाचा पहिला परिच्छेद सुचत नसतो.

दोष मुलांचा नाही. आपण आईवडील एसएससी बोर्डात ‘कारणे लिहा’ आणि ‘टिपा लिहा’ करत मोठे झालो. इतिहास म्हणजे पाठांतर हे आपल्या मनात पक्कं बसलं आहे आणि तेच आपण मुलांना देतो. म्हणून आधी ही परीक्षा कशी असते ते पाहा. एकूण वेळ सव्वातीन तास. ५५ बहुपर्यायी प्रश्न ५५ मिनिटांत, त्यांना ४० टक्के गुण. तीन लघुत्तरी प्रश्न ४० मिनिटांत, २० टक्के. मग सात कागदपत्रं समोर ठेवून लिहायचा निबंध, ज्याला सगळे डीबीक्यू म्हणतात: ६० मिनिटं, २५ टक्के. शेवटी एक दीर्घ निबंध ४० मिनिटांत, १५ टक्के. बहुपर्यायी प्रश्नसुद्धा आधी एखादा उतारा, नकाशा, व्यंगचित्र किंवा तक्ता देतात आणि त्यावर विचारतात. ‘अमुक करार कोणत्या साली झाला’ असा सरळ प्रश्न तिथे येत नाही.

थोडक्यात, दीडदोनशे वर्षांपूर्वीचा अनोळखी कागद समोर आल्यावर त्याचं काय करायचं, हे ज्याला येतं त्याला ही परीक्षा जमते. सप्टेंबरनंतर ते शिकायला सवड नसते. वर्ग धावत असतो आणि मेच्या सुरुवातीला परीक्षा असते. सवड फक्त उन्हाळ्यात असते.

आधी आराखडा

ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमाची पीडीएफ फुकट मिळते. ती उतरवून घ्या आणि १४९१ पासून आजपर्यंतचे नऊ कालखंड एका मोठ्या कागदावर लिहून भिंतीवर लावा. एका संध्याकाळचं काम आहे.

वाचन: १७५४ ते १८७७, बाकी नाही

सगळा इतिहास सुट्टीत ‘एकदा नजरेखालून’ घालण्याचा हट्ट सोडा. पहिल्या आणि शेवटच्या कालखंडाला परीक्षेत प्रत्येकी ४ ते ६ टक्के वजन आहे, दुसऱ्याला ६ ते ८, आणि मधल्या सहांना प्रत्येकी १० ते १७. तरीही दरवर्षी मुलं कोलंबसपासून सुरुवात करतात आणि जुलै संपेपर्यंत प्युरिटन लोकांपाशीच अडकून पडतात. स्वातंत्र्ययुद्धाच्या आधीपासून यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेपर्यंतचा काळ घट्ट झाला की पुढचं बरंचसं त्याच्या आधाराने समजतं. एक सोपं, गोष्टीसारखं वाहणारं पुस्तक ग्रंथालयातून आणा आणि तेवढाच भाग वाचा. शाळेचं क्रमिक पुस्तक सुट्टीत नको. ते वर्षभर पुरणार आहेच.

वाचताना तारखा सुट्या पाठ करायच्या नाहीत, साखळ्या करायच्या. सात वर्षांचं युद्ध १७६३ साली संपलं, ब्रिटन जिंकला पण कर्जात बुडाला. म्हणून १७६५ चा स्टँप अ‍ॅक्ट (छापील कागदांवरचा कर), म्हणून वसाहतींचा विरोध, मग नवे कर, मग १७७३ साली बोस्टनच्या बंदरात बुडवलेला चहा, त्याची शिक्षा म्हणून १७७४ चे जाचक कायदे. दुसरी साखळी: १८४८ साली मेक्सिकोकडून प्रचंड मुलूख मिळाला, तिथे गुलामगिरी असावी की नसावी यावरून १८५० ची तडजोड, १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा (गुलामगिरीचा निर्णय तिथल्या वसाहतकारांवर सोपवणारा), त्यातून रिपब्लिकन पक्षाचा जन्म, १८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल (संसदेला नव्या मुलखात गुलामगिरी रोखता येणार नाही असा), १८६० साली लिंकनची निवड. प्रत्येक दुव्यापाशी मुलांना ‘का?’ आणि ‘मग काय झालं?’ एवढंच विचारा. उत्तर आलं तर तारीख आपोआप लक्षात राहते.

इथे आपल्याला खरीखुरी मदत करता येते, कारण यातला बराच इतिहास आपण दुसऱ्या बाजूने शिकलो आहोत. १७५७ ची प्लासीची लढाई त्याच सात वर्षांच्या युद्धाच्या काळातली. बोस्टनला बुडवलेला चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता, आणि अडचणीत आलेल्या कंपनीला सावरण्यासाठीच पार्लमेंटने टी अ‍ॅक्ट केला होता. यॉर्कटाउनला १७८१ साली ज्याच्या सैन्याने शरणागती पत्करली तो कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. टिपूविरुद्धच्या युद्धात मराठे आणि निजाम त्याच्या बाजूने लढले. हे जेवताना सांगा. मुलांच्या वर्गात हे क्वचितच कुणाला माहीत असतं.

कागद वाचणं: सगळा उन्हाळा इथे घाला

आता मुख्य काम. हा टप्पा शिकवणं मलाही सुरुवातीला फार जड गेलं, कारण मुलांना उतारा समजतो आणि तरीही गुण मिळत नाहीत. इंग्रजी चांगलं असलेली, भरपूर वाचणारी मुलं इथेच अडतात. ती उताऱ्याचा सारांश लिहितात. परीक्षकाला सारांश नको असतो, तो कागद त्याने स्वतः वाचलेला असतो. त्याला हवं असतं ते हे: हे कोण बोलतंय, कुणाशी, कधी, आणि नेमकं आत्ताच का? आणि या उत्तरांमुळे मजकुराचं वजन कसं बदलतं?

पद्धत साधी आहे, पण क्रम मोडायचा नाही. कागदाच्या वर किंवा खाली एक छोटी ओळ असते: लेखक, प्रसंग, साल. आधी ती वाचायची आणि मजकूर हाताने झाकून ठेवायचा. वहीत लिहायचं: कोण, कुणाला, कधी, का. माहीत नसेल तर अंदाज लिहायचा. मग तो कागद कुठल्या कालखंडात बसतो ते भिंतीवरच्या कागदावर पाहायचं. त्यानंतरच हात काढून मजकूर वाचायचा, मुख्य म्हणणं एका वाक्यात स्वतःच्या शब्दांत लिहायचं, आणि शेवटी ‘म्हणून काय?’ या प्रश्नाचं उत्तर. एका कागदाला अर्धा तास लागला तरी चालेल. आठवड्याला तीन कागद पुरे.

एक उदाहरण मी प्रत्येकाला देते. अलेक्झांडर स्टीव्हन्स, दक्षिणेच्या बंडखोर राज्यांच्या संघाचा उपाध्यक्ष. २१ मार्च १८६१ रोजी जॉर्जियातल्या सव्हाना शहरात त्याने भाषण केलं आणि उघड सांगितलं की आमच्या नव्या सरकारची कोनशिला म्हणजे काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हे सत्य, आणि गुलामी ही त्याची नैसर्गिक अवस्था. तीन आठवड्यांनी फोर्ट सम्टर या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि यादवी युद्ध सुरू झालं. युद्ध हरल्यावर याच माणसाने पुस्तक लिहून मांडलं की भांडण मुळात राज्यांचे अधिकार आणि केंद्राची सत्ता यांच्यातलं होतं.

हे दोन्ही उतारे शेजारी ठेवा आणि गप्प बसा. मुलं आधी म्हणतील, ‘तो खोटं बोलतोय.’ तिथेच थांबू देऊ नका, आणखी विचारा. १८६१ मध्ये त्याच्यासमोर कोण होतं? आपलेच लोक, नवं राष्ट्र काढल्याच्या उत्साहात. गुलामगिरी लपवण्याचं त्याला काही कारण नव्हतं, उलट तिच्या नावानेच लोक एकत्र येणार होते. युद्धानंतर? १३ व्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली होती, बाजू हरली होती, आणि इतिहासात आपलं नाव कसं राहील याची चिंता होती. मग यादवी युद्धाच्या कारणांबद्दल कुठला उतारा जास्त भरवशाचा, आणि का? आणि नंतरचा उतारा टाकून द्यायचा का? नाही. पराभवानंतर दक्षिणेने स्वतःची कहाणी कशी बदलली, याचा तो उत्तम पुरावा आहे. प्रश्न बदलला की कागदाचा उपयोग बदलतो. हे एकदा मुलांच्या डोक्यात शिरलं की डीबीक्यूचं निम्मं भय जातं.

आता माझा ठाम नियम. ‘हा लेखक पक्षपाती आहे’ हे वाक्य वहीत येऊ द्यायचं नाही. प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या बाजूचा असतोच, त्यामुळे या वाक्यातून काहीच कळत नाही आणि गुणही मिळत नाहीत. गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या फ्रेडरिक डग्लसचं ५ जुलै १८५२ चं रॉचेस्टरमधलं भाषण घ्या, ज्यात तो विचारतो की तुमचा चार जुलै गुलामाच्या काय कामाचा. बहुतेक मुलं लिहितात: ‘डग्लस स्वतः गुलाम होता म्हणून तो चिडलेला आहे.’ खरं आहे, पण त्यात विश्लेषण कुठे आहे? त्याला बोलावलं होतं तिथल्या गुलामगिरीविरोधी महिला संघटनेने. म्हणजे श्रोते बहुतांशी त्याच्याच बाजूचे. मग तो त्यांना का फटकारतो? आधी संस्थापकांची स्तुती का करतो? दोनच वर्षांपूर्वी, १८५० साली, पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कडक कायदा झाला होता, आणि तो उत्तरेतल्या माणसालाही लागू होता. हे लक्षात घेतलं की भाषणाचा रोख दिसतो: नुसती सहानुभूती पुरे नाही, हा कायदा तुमच्याही दारात आला आहे. असं एक वाक्य म्हणजे खरं विश्लेषण.

डीबीक्यूच्या सात गुणांत निदान दोन कागदांचं असं विश्लेषण केल्याबद्दल एक गुण असतो. एकच, असं वाटेल. पण कागद असा वाचता आला नाही तर युक्तिवाद उभा राहत नाही, आणि मग पुराव्याचे गुणही हातचे जातात.

डग्लसच्या जोडीला दक्षिणेतला सेनेटर कॅल्हून याचं १८३७ चं सेनेटमधलं भाषण ठेवा, ज्यात तो गुलामगिरीला चक्क हितकारक म्हणतो. १८४८ चा सेनेका फॉल्सचा स्त्रियांचा जाहीरनामा १७७६ च्या जाहीरनाम्याशेजारी ठेवा आणि कुठले शब्द मुद्दाम तसेच ठेवले आणि कुठले बदलले ते शोधायला लावा. जोड्याच घ्या. एकटा कागद घेतला की मुलं पुन्हा सारांशाकडे घसरतात.

चॅटबॉटकडून किंवा नेटवरून कागदाचा सारांश घेणं उन्हाळाभर बंद. याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. उतारा अडतो, चिडचिड होते, पुन्हा वाचावा लागतो, आणि सराव नेमका तेवढ्यातच होतो. परीक्षेत तो दुसरं कुणी करून देणार नाही.

ज्यांना वाटतं की आपल्याला अमेरिकेचा इतिहास येत नाही, मग मुलांबरोबर कसं बसणार, त्यांनी महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका उघडावी. १८७३ सालचं ते पुस्तक फुल्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल. आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, ही इच्छाही तिथेच नोंदवली आहे. आता तेच चार प्रश्न. पुस्तक मराठी, मग अर्पणपत्रिका इंग्रजीत का? तिचे खरे वाचक कोण: अमेरिकन, इंग्रज अधिकारी, की इंग्रजी शिकलेले आपले लोक? आणि १८७३ मध्ये अमेरिकेत काय चाललं होतं? गुलामगिरी संपवणाऱ्या आणि मुक्त झालेल्यांना नागरिकत्व व मताचा हक्क देणाऱ्या १३, १४ आणि १५ व्या दुरुस्त्या झाल्या होत्या, पण चार वर्षांनी, १८७७ साली, दक्षिणेच्या राजकारणातून केंद्राच्या फौजा मागे घेतल्या गेल्या आणि मुक्त झालेल्या माणसांचे हक्क एकेक करून हिरावले जाऊ लागले. पुण्यात बसलेल्या फुल्यांना पुढचं दिसणं शक्य नव्हतं. यावर घरात मराठीत वाद घाला. वाद मराठीत झाला तरी सवय तीच लागते.

एक वाक्याचा युक्तिवाद

आठवड्याला एक प्रश्न आणि त्याचं एकाच वाक्यात उत्तर. ‘स्वातंत्र्ययुद्धाने अमेरिकन समाज किती बदलला?’ याला ‘खूप बदलला’ हे उत्तर नाही. ‘जरी राजेशाही जाऊन मतदाराची सत्ता आली, तरी गुलाम आणि स्त्रिया बाहेरच राहिल्या, कारण मालमत्तेभोवती उभी असलेली व्यवस्था हलली नाही’ हे उत्तर. जरी, तरी, कारण: हे तीन शब्द कागदावर लिहून मगच सुरुवात करायची. वाक्यावर कुणी वाद घालू शकत नसेल तर ते खोडायला लावा.

घड्याळ लावून निबंध नको

सुट्टीत पूर्ण सराव परीक्षा घेऊ नका. कॉलेज बोर्ड मागच्या वर्षांचे निबंधाचे प्रश्न आणि नमुना उत्तरं फुकट देतं. ती वसंतात लागतील, आताच उधळू नका. ऑगस्टमध्ये एकच डीबीक्यू, वेळेचं बंधन न घालता, आणि मग गुणांकनाची यादी समोर ठेवून मुलांनी स्वतः तपासायचा.

फिलाडेल्फियाचं इंडिपेन्डन्स हॉल, ट्रेंटन किंवा गेटिसबर्ग जवळ असेल तर जरूर जा, पण जाण्याआधी त्या जागेचा एक तरी कागद वाचलेला असू द्या.

आठवड्याला चार दिवस, रोज पाऊण तास एवढं पुरतं. शाळेने उन्हाळी गृहपाठ दिला असेल तर तो जूनमध्ये उरकून टाकण्याची घाई करू नका. पुष्कळ शिक्षक त्यावर शाळेच्या पहिल्याच आठवड्यात चाचणी घेतात. तो ऑगस्टच्या शेवटच्या दोन आठवड्यांत करा, आणि त्यातल्या प्रत्येक उताऱ्यावर तेच चार प्रश्न वहीत लिहून ठेवा.