सुपरझूम कॅमेरा घ्यायचाय? झूमच्या शेवटच्या टोकाला जाऊन बघा

थंडी पडली की नाशकात ओळखीपाळखीतून एकच प्रश्न यायला लागतो. "नांदूरमध्यमेश्वरला जायचंय, कोणता सुपरझूम घेऊ?" विचारणाऱ्याला कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं की जास्तीत जास्त एक्सवाला घे, डोळे झाकून घे. हा सल्ला देणारे कधी तिथल्या पक्षी अभयारण्यात, चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर कॅमेरा डोळ्याला लावून उभे राहिले असतील असं मला वाटत नाही.

लेन्स बदलता येणारा कॅमेरा घ्यावा की सुपरझूम (एकच, न काढता येणारी लांब झूमची लेन्स असलेला), या वादात मी इथे पडत नाही. तुमचं सुपरझूमचं नक्की झालंय, बजेट ठरलंय, घरच्यांची परवानगी मिळालीय, असं धरून चालतो.

आधी एक ओळ लिहा

कॅमेरा मुख्यतः कशासाठी हवाय, ते एका ओळीत. 'दूर बसलेले पक्षी आणि चंद्र', 'उडणारे पक्षी' किंवा 'प्रवास, देवळं, घरचे कार्यक्रम, येऊ घातलेला सिंहस्थ'. तिन्ही लिहावंसं वाटेल. एकच ठेवा.

एक्स खोडा, मिलिमीटर लिहा

एक्स म्हणजे फक्त गुणोत्तर. लेन्सची सगळ्यात लांबची फोकल लेंग्थ भागिले सगळ्यात जवळची. फोकल लेंग्थ म्हणजे तो मिलिमीटरचा आकडा, जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं. पॅनासॉनिकचा एफझेड८० ६० एक्स आहे आणि सोनीचा एचएक्स४००व्ही ५० एक्स. ऐकायला पहिला मोठा वाटतो. प्रत्यक्षात दोघेही १२०० मिलिमीटरलाच थांबतात. पॅनासॉनिक २० पासून सुरू होतो आणि सोनी २४ पासून, एवढाच फरक. दुकानदार 'एकशेपंचवीस एक्स आहे साहेब' म्हणाला की 'किती मिलिमीटर?' एवढंच विचारा. समोरचा गडबडला, तर पुढचे प्रश्न त्याला विचारण्यात अर्थ नाही. डिजिटल झूमचा आकडा तर ऐकूनही घेऊ नका. तेवढं कापाकापीचं काम घरच्या कॉम्प्युटरवर फुकटात होतं.

लेन्सच्या कडेवरचं बारीक अक्षर वाचा

खोक्यावर लिहिलेले २००० आणि ३००० मिलिमीटर हे फुलफ्रेमच्या, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या हिशोबातले 'समतुल्य' आकडे. खरे आकडे लेन्सच्या गोल कडेवर छापलेले असतात. निकॉन पी९०० आणि पी९५० वर ४.३-३५७ मि.मी. आणि १:२.८-६.५ असं दिसेल. दुसरी जोडी अ‍ॅपर्चरची, म्हणजे लेन्स किती उघडते त्याची; आकडा जितका मोठा तितकं उघडणं कमी. दोन्ही जोड्यांतला शेवटचा आकडा उचला आणि ३५७ ला ६.५ ने भागा. उत्तर येतं साधारण ५५ मिलिमीटर. पूर्ण झूमवर लेन्सचं तोंड प्रकाशाला इतकं उघडं असतं.

आता हाच भागाकार बाकीच्यांवर करा. निकॉन पी१००० : ५३९ भागिले ८, म्हणजे ६७. कॅनन एसएक्स७० : २४७ भागिले ६.५, म्हणजे ३८. पॅनासॉनिक एफझेड३०० : १०८ भागिले २.८, म्हणजे तोही ३८ च्या पुढेमागेच. आणि सोनी आरएक्स१० मार्क फोर, ज्याला सगळे 'फक्त ६०० मिलिमीटर' म्हणून नाक मुरडतात : २२० भागिले ४, पुन्हा ५५!

म्हणजे २००० मिलिमीटरचा पी९५० आणि ६०० मिलिमीटरचा सोनी, दूरच्या पक्ष्याकडून येणारा प्रकाश सारख्याच तोंडाने पितात. निकॉन तो प्रकाश बोटाच्या नखापेक्षाही लहान, १/२.३ इंची सेन्सरवर मोठा करून पसरतो. सोनी एक इंची सेन्सरवर आखडून ठेवतो. त्या सेन्सरचं क्षेत्रफळ निकॉनच्या चौपट. निकॉनमध्ये पक्षी तिपटीहून मोठा दिसतो, पण पिसांचा तपशील तिप्पट मिळत नाही. तरीही मिळतो सोनीपेक्षा जास्तच. सोनीचा फोटो कापून २००० मिलिमीटरइतका जवळ आणला तर २० मेगापिक्सेलमधले दोनसुद्धा उरत नाहीत. म्हणून स्थिर बसलेल्या, दूरच्या पक्ष्यासाठी निकॉन. सोनी महाग आहे म्हणून प्रत्येक कामात सरस, हे मला मान्य नाही.

आणि हो, सुरुवातीच्या २.८ वर भुलू नका. तो आकडा झूम न केलेल्या अवस्थेतला. पी१००० २.८ वरून ८ पर्यंत जाताना सेन्सरच्या दर चौरस मिलिमीटरवर पडणारा प्रकाश आठपट कमी होतो. तुम्ही कॅमेरा झूम करायला घेताय, तर झूमच्या टोकाचाच आकडा तुमचा. वरच्या यादीत याला एकच अपवाद, एफझेड३००. तो शेवटपर्यंत २.८ राहतो, शिवाय पाण्याच्या शिंतोड्यांना आणि धुळीला तोंड देईल असा बांधलेला आहे. श्रावणात अंजनेरीच्या धुक्यात फिरणाऱ्याने त्याच्याकडे जरूर बघावं. फक्त त्याची धाव ६०० वर संपते आणि फोटो १२ मेगापिक्सेलचा असतो.

दुकानात हातात घ्या, पूर्ण झूमवर

सगळं घोडं पेंड खातं ते इथे. मलाही हीच पायरी सगळ्यात जड गेली होती, कारण कागदावर उत्तम असलेला कॅमेरा हातात नांदेल की नाही, हे कुठलंच माहितीपत्रक सांगत नाही.

२००० मिलिमीटरवर ५० मीटर अंतरावरची चौकट जेमतेम ८५ सेंटिमीटर रुंद असते आणि उंचीला त्याहूनही कमी. तिथे चित्रबलाकासारखा उंच करकोचा उभा असेल तर तो अख्खा मावणारच नाही. अशा चौकटीत पक्षी मुळात सापडणं हीच पहिली परीक्षा. नवख्या माणसाला पूर्ण झूमवर दिसतं ते निव्वळ पाणी, मग गवत, मग पुन्हा पाणी. तोवर खंड्या मासा मारून, गिळून, उडून गेलेला असतो. यंत्र तुमच्या हाताला साथ देतं की नाही, हे विकत घेण्याआधीच कळलं पाहिजे.

एम. जी. रोडवर किंवा जिथे कुठे घ्यायचाय तिथे जाताना खिशात स्वतःचं मेमरी कार्ड ठेवा. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर जा. भर दुपारी सगळेच कॅमेरे छान दिसतात. दुकानाच्या काउंटरवर समोरच्या मिक्सरच्या खोक्याचा फोटो काढून काहीही कळत नाही. दारात या. "साहेब, बाहेर नाही देत" असं उत्तर मिळालं तर उंबऱ्याच्या आतूनच समोर नेम धरा. तेही चालणार नसेल, तर दुसरं दुकान गाठा.

रस्त्यापलीकडे दुसऱ्या मजल्यावरची एखादी पाटी निवडा, जिच्यावर फोन नंबर बारीक अक्षरात आहे. भिंतीला टेकू नका. कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून बघा, मागच्या पडद्यावरून नाही. हात लांब करून पडद्यावर बघत २००० मिलिमीटरवर काम होत नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. डोळा टेकवला की कपाळाचा तिसरा आधार मिळतो. चश्मा असेल तर चश्म्यासकट बघा. पी९०० चा व्ह्यूफाइंडर लहान आणि ९.२१ लाख ठिपक्यांचा. पी९५०, पी१००० आणि एसएक्स७० यांचा सुमारे २३.६ लाखांचा. एकामागून एक डोळ्याला लावलेत तर हा फरक सांगावा लागत नाही.

आता पाटी मधोमध धरून झूम शेवटपर्यंत न्या. वाटेत पाटी निसटली? निसटणारच. मग निकॉनच्या लेन्सच्या डाव्या अंगाला असलेलं बटण दाबून धरा. झूम क्षणभर मागे येतो, आसपासचं दिसतं, बोट सोडलं की पुन्हा पूर्वीच्या झूमवर जातो. कॅननच्या एसएक्स७० लाही तसंच बटण आहे. हे बटण न बघता, अंगठ्याने सापडतंय का ते तपासा. माझ्या मते सुपरझूममधला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि विक्रेत्याच्या तोंडी त्याचा उल्लेखही येत नाही. पी९५० आणि पी१००० वर फ्लॅशच्या जागी लाल ठिपक्याचं नेम धरायचं साधनही बसवता येतं. पी९०० वर ती खाचच नाही.

पाटी सापडली की शटर अर्धं दाबा. फोकस लागतो, की लेन्स पुढेमागे करत चाचपडत राहते? नंतर पाटी सोडून एखादी केबलची तार किंवा झाडाच्या फांद्यांतलं कबूतर धरा. कॅमेरा कबूतर सोडून मागची भिंत पकडत असेल तर फोकसचा चौकोन सगळ्यात लहान करून पुन्हा बघा. तरीही भिंतच धरली, तर बाभळीच्या काट्यांत बसलेला वेडा राघू तुम्हाला कधीच मिळायचा नाही.

मग शटर दाबून धरा आणि सलग फोटो काढा. पी९५० आणि पी१००० सेकंदाला ७ च्या वेगाने जेमतेम सात ते दहा फोटो काढतात आणि ते कार्डावर उतरेपर्यंत गप्प बसतात. ती वाट बघणं तुम्हाला झेपतं का, हे तिथेच ठरवा. सोनी मार्क फोर सेकंदाला २४ काढतो आणि दोनशेच्या वर काढत राहतो. त्याचा फोकसही निकॉनच्या जातीचा नाही, हलत्या गोष्टीमागे धावणारा आहे. पाण्यावरून झेपावणारा भोवत्यासारखा शिकारी पक्षी किंवा अंजनेरीच्या कड्यावरून तरंगत जाणारं गिधाड टिपायचं असेल तर बाकीच्यांवर वेळ घालवू नका.

हाताची थरथर कॅमेरा बरीच सावरतो, पण पक्ष्याचं हलणं थांबवणं त्याच्या हातात नाही. त्याला शटर वेगवानच लागतं. वेग वाढवला की प्रकाश कमी, प्रकाश कमी की आयएसओ (सेन्सरची प्रकाशासाठीची संवेदनशीलता) वर, आणि लहान सेन्सरवर आयएसओ ८०० च्या पुढे पिसांची रांगोळी फिसकटते. म्हणूनच संध्याकाळी जा म्हटलं. तिथे काढलेले फोटो कार्डावरून घरी आणा, कॉम्प्युटरवर शंभर टक्के आकारात उघडा आणि पाटीवरचा फोन नंबर वाचा. तीन, आठ आणि सहा वेगवेगळे ओळखू आले तर कॅमेरा पास. दुकानातल्या तीन इंची पडद्यावर सगळं वाचता येतं, त्यावर विश्वास ठेवू नका.

एक गोष्ट मात्र कॅमेऱ्याच्या माथी मारू नका. नांदूरमध्यमेश्वरला ऊन चढलं की पाण्यावरून आणि शेतांवरून झळा उठतात. तेव्हा तीनशे मीटरवरचा रोहित (फ्लेमिंगो) कुठल्याही लेन्समध्ये लिबलिबीतच दिसतो. नवा कॅमेरा बिघडलाय म्हणून सर्व्हिस सेंटरला धावण्याआधी एकदा सूर्योदयाला जाऊन या.

जुना घेताना

पी९०० (२०१५ चा) आणि सोनीचे जुने मॉडेल वापरलेले मिळतात आणि चांगले असतात. लांब लेन्स आतबाहेर होताना धूळ ओढते आणि इथे सेन्सर उघडून पुसता येत नाही. लेन्स पूर्ण बाहेर काढून, अ‍ॅपर्चर जास्तीत जास्त बारीक करून मोकळ्या आभाळाचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर नमस्कार करा. समोरून टॉर्च मारून लेन्समध्ये जाळीदार पांढरं काही दिसतंय का ते बघा. आपल्या पावसाळ्यात कपाटात पडलेल्या लेन्सला बुरशी धरते. लेन्स पुढे सरकताना करकर आवाज आला, तर कितीही स्वस्त असला तरी नको. पी९०० रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, देत नाही, हेही लक्षात असू द्या. पी९५० आणि पी१००० देतात.

वजन

पी१००० भरतो १४१५ ग्रॅम. एसएक्स७० सहाशेच्या आसपास. ब्रह्मगिरी चढणाऱ्यांनी याच ओळीवर निर्णय घेतला तरी माझी हरकत नाही.

माझं मत विचाराल तर

दूर बसलेले पक्षी आणि चंद्र : पी९५०. पी१००० नाही. ३००० मिलिमीटरवर चंद्राची कडा चौकटीबाहेर जायला लागते, चौकट ५० मीटरवर साठ सेंटिमीटरच्या आत येते आणि ते टोक हातात धरून वापरणारी माणसं मला फारशी भेटलेली नाहीत. २०२५ मध्ये आलेला पी११०० हा त्याचाच पुढचा अवतार, लेन्स तीच. उडणारे पक्षी : सोनी आरएक्स१० मार्क फोर, पैसे कमी असतील तर वापरलेला. मार्क थ्री घेऊन पैसे वाचवू नका, तो हलत्या पक्ष्यामागे तसा धावत नाही. प्रवास आणि घरचे कार्यक्रम : एसएक्स७०, दिवसाउजेडी. रामकुंडावरची संध्याकाळची आरती त्याच्याकडून मागू नका, तिथे एक इंची सेन्सरच हवा.

कोणताही घ्या, दुसरी बॅटरी त्याच दिवशी घ्या. कंपनीच्याच हिशोबाने पी१००० एका चार्जमध्ये सुमारे २५० फोटो देतो आणि झूम सतत आतबाहेर केला तर त्याहून कमी. ट्रायपॉड मात्र लगेच नको. मनोऱ्यावर गर्दी असते, तीन पाय पसरायला जागा कुठली! कापडी पिशवीत दोनेक किलो तांदूळ भरून तोंड शिवा, कठड्यावर ठेवा आणि लेन्स तिच्यात रुतवा. थरथर सावरणारी सोय तेव्हा चालूच ठेवा. ट्रायपॉडवर लावाल तेव्हा बंद करा.