अ‍ॅप्रन आणि लाँग मेंबर बदलताना: आधी ओढा, मग कापा

द्राक्ष-कांद्याच्या हंगामात नाशिकजवळच्या पिंपळगाव-ओझरच्या पट्ट्यात ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यात घुसलेली हॅचबॅक गॅरेजला आली, की बहुतेक वेळा एकच चित्र असतं. बंपर, लाइट आणि फेंडर गेलेला, बोनेट दुमडलेलं, एका बाजूचा अ‍ॅप्रन (चाकावरचा आतला पत्रा) चुरगळलेला आणि त्याखालचा लाँग मेंबर (पुढे जाणारा पेटीसारखा दांडा) तोंडाशी वाकलेला. फेंडर आणि बोनेट बोल्टवर असतात, ते कोणीही बदलेल. अ‍ॅप्रन आणि लाँग मेंबर म्हणजे गाडीचा सांगाडा. शॉकअप, इंजिनाचं माउंटिंग, स्टिअरिंगची दिशा आणि पुढच्या धडकेत एअरबॅग कधी उघडायची याचं गणित, सगळं याच पत्र्यावर बेतलेलं असतं.

इथे सांगितलंय ते मोनोकॉक बॉडीसाठी, म्हणजे जिथे बॉडी हाच सांगाडा असतो. आपल्या सातपूरला बनणाऱ्या बोलेरोसारख्या गाडीत खाली वेगळी चॅसिस असते, तिचं काम निराळं.

काहीही उघडण्याआधी फोटो काढा आणि विमा असेल तर सर्व्हेअरला गाडी जशीच्या तशी दाखवा. कापलेला पत्रा दाखवून क्लेम मागायला गेलं की वाद ठरलेला. अंदाजही तेव्हाच काढा: दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) 75 टक्क्यांच्या वर जात असेल तर गाडी टोटल लॉसमध्ये जाते, मग ग्राइंडर हातात घेण्यात अर्थ नाही. चॅसिस नंबर कुठे ठोकलाय तेही बघून ठेवा. तो बदलायच्या पत्र्यावर असेल तर आरटीओशी बोलल्याशिवाय त्याला हात लावू नका.

आता माप. कंपनीच्या बॉडी रिपेअर मॅन्युअलमध्ये इंजिन रूमची आणि खालच्या बाजूची मापं भोकापासून भोकापर्यंत दिलेली असतात. ट्रॅम गेज (दोन टोकदार पायांची मोजपट्टी) असेल तर उत्तम, नसेल तर चांगली स्टीलची टेप. दोन्ही भोकं सारख्या व्यासाची असतील तर एकाच बाजूच्या कडेपासून कडेपर्यंत मोजा. व्यास वेगळे असतील तर गडबड इथेच होते. समजा एक भोक 12 मिमीचं, दुसरं 20 मिमीचं. आतल्या कडांमधलं अंतर 842 आलं, बाहेरच्या कडांमधलं 874. दोन्हींची बेरीज करून निम्मे करा: 858. हेच केंद्रापासून केंद्रापर्यंतचं माप. नुसती एक कड धरून मोजलं असतं तर 4 मिमीची चूक आली असती, आणि या कामात एकूण सूट असते 3 मिमीची. जुने मिस्त्री ज्याला एक सूत म्हणतात, तेवढीच.

इंजिन रूमचे दोन्ही कर्ण, दोन्ही शॉकअप टॉवरमधलं अंतर, टॉवरपासून फायरवॉलपर्यंतचं (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापर्यंतचं) अंतर आणि खालून लाँग मेंबरची उंची, एवढं तरी कागदावर लिहा. दार उघडून मिटून बघा. पुढच्या दाराची वरची फट मागे रुंद आणि पुढे बारीक झाली असेल तर धक्का पिलरपर्यंत (दाराच्या खांबापर्यंत) पोचलाय. काचेखालच्या पत्र्यावर रंगाला केसासारख्या भेगा आणि सीलंट फाटलेलं दिसलं, तरी तेच समजा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय तो मुद्दा. वाकडा लाँग मेंबर आधी कापू नका. टाकाऊ दिसत असला तरी मागची बॉडी ओढायला तुमच्याकडे तोच एक दांडा आहे. धक्क्याने फायरवॉल 6 मिमी मागे गेली असेल, तर ती परत आणायची ताकद या जुन्या मेंबरला क्लॅम्प लावूनच देता येते. आधी कापून नवा मेंबर जोडलात आणि मग लक्षात आलं की मागचंच सरकलेलं आहे, तर नवा पत्रा ओढावा लागतो आणि तो जोडापाशी वाकतो. उलट, मागचं मापात आल्यावर पुढचा चुरगळलेला भाग सरळ झाला की नाही याला महत्त्व नाही, तो कापायचाच असतो.

ओढण्यासाठी गाडी खालच्या पिंच वेल्डला (दाराखाली पत्रे जुळतात त्या कडेला) चार ठिकाणी क्लॅम्प करून बेंचवर घट्ट बसवा. धक्का ज्या क्रमाने गेला त्याच्या उलट्या क्रमाने ओढा, म्हणजे सगळ्यात शेवटी वाकलेलं आधी. थोडं ओढायचं, ताण ठेवून सुरकुतीच्या आसपास लाकडी ठोकळा धरून हातोडीने ठोकायचं, ताण सोडायचा, मोजायचं. ताण सोडला की पत्रा थोडा परत येतो, म्हणून मापाच्या दोनेक मिमी पुढे न्यावं लागतं. एका दमात ओढलं तर स्पॉट (पत्रे जोडणारे वेल्डचे ठिपके) सुटतात किंवा पत्रा फाटतो. साखळीवर जाड गोधडी टाका आणि तिच्या रेषेत कोणालाही उभं करू नका. सुटलेला क्लॅम्प गोळीसारखा येतो.

मेंबर सरळ करायला गॅसने लाल करणं ही आपल्याकडची जुनी खोड. आजच्या गाड्यांत पिलर, रनिंग बोर्ड आणि मेंबरमध्ये हाय स्ट्रेंग्थ पत्रा असतो. तापला की त्याची ताकद उतरते आणि दिसायला काहीच फरक पडत नाही. गरम साच्यात दाबून बनवलेला बोरॉन स्टीलचा भाग, ज्याची ताकद 1500 मेगापास्कलच्या आसपास असते, तो तापवायचाही नाही, ओढून सरळही करायचा नाही आणि मधे कापून जोडायचा तर मुळीच नाही. कंपनीच्या जोडावरून अख्खा बदलायचा.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि किमान तीन मिनिटं थांबा. मॅन्युअलमध्ये जास्त वेळ लिहिला असेल तर तेवढा. एअरबॅगच्या मॉड्यूलमधला साठलेला करंट उतरायला वेळ लागतो. जवळचे ईसीयू (इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट), एबीएस युनिट आणि पुढचा क्रॅश सेन्सर काढून बाजूला ठेवा. एसीचा गॅस मशिनने काढून घ्या, हवेत सोडू नका. वायरिंग मागे बांधा, ब्रेकचे पाइप सोडवा. इंजिनाचं एक माउंटिंग याच मेंबरवर असतं, तेव्हा इंजिनाला वरून बार टाकून आधार द्या, नाहीतर सरळ खाली उतरवा. अर्धवट लटकवलेलं इंजिन सगळी मापं चुकवतं.

स्पॉट सोडवणं हे चिकाटीचं काम. रंग तारेच्या ब्रशने काढला की 5-6 मिमीचे गोल खळगे दिसतात. जिथे दिसत नाहीत तिथे दोन पत्र्यांच्या मधे पातळ छिन्नी घालून बघा, अडते तिथे स्पॉट. मधोमध पंच मारा, 3 मिमीचं भोक पाडा आणि मग 8 मिमीचा स्पॉट कटर लावा. ड्रिल हळू फिरवा, तेल देत राहा. फक्त वरचा पत्रा कापायचाय. कटरखाली दोन पत्र्यांमधल्या सांध्याची बारीक गोल रेघ दिसली की थांबा. तीन पत्रे असतील तर कोणता ठेवायचा ते आधी ठरवा. हाय स्ट्रेंग्थ पत्र्यावर कटरची धार काही स्पॉटमध्येच जाते, तिथे 10 मिमीच्या बेल्ट सँडरने वरचा पत्रा घासून काढणं बरं. सगळे सुटले की छिन्नीने हलकेच उचला. उचलत नसेल तर जोर लावू नका, कुठेतरी एक स्पॉट राहिलाय. खाली राहिलेली बोंडं (स्पॉटचे उंचवटे) घासून सपाट करा आणि वाकलेली फ्लँज (जोडाची कड) मागून डॉली (लोखंडी ठोकळा) धरून हातोडीने सरळ करा.

मेंबर मधे कापून जोडायची परवानगी मॅन्युअल देत असेल तरच कापा, आणि सांगितलेल्या जागीच. मेंबरच्या तोंडाजवळ ज्या खाचा आणि भोकं असतात ती धडकेत ठरल्या जागी घडी पडावी म्हणून ठेवलेली. तिथे जोड नको, पट्टी नको, भोक बुजवणंही नको. पट्टी मारून ‘मजबूत’ केलेला मेंबर घडी घालत नाही, धक्का सरळ आत बसलेल्यांकडे पाठवतो. बंद पेटीसारख्या मेंबरच्या जोडात आतून आधाराची पट्टी घालतात. जुन्या मेंबरच्या उरलेल्या सरळ भागातून ती निघते. दोन्ही बाजूंना 50-50 मिमी आत जाईल एवढी ठेवा आणि जुन्या-नव्या मेंबरच्या दोन टोकांमधे पत्र्याच्या जाडीच्या दीडपट-दुप्पट फट सोडा, म्हणजे वेल्ड आतल्या पट्टीपर्यंत पोचतं.

नवा पॅनल आला की आधी जुन्याशी ताडून बघा. भंगारातल्या गाडीतून कापून आणलेला तुकडा, म्हणजे कट, स्वस्त पडतो, पण त्या गाडीला कुठून धक्का बसला होता ते तुम्हाला माहीत नसतं. असा मेंबर आम्ही वापरत नाही. फेंडरचा कट एकवेळ चालेल.

पॅनल व्हाइस ग्रिपने धरा, मापं घ्या, मग फेंडर, बोनेट, हेडलाइट आणि पुढचा सपोर्ट पॅनल तात्पुरता बसवून बोनेट बंद करून बघा. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या हव्यात. टॉवरकडे विशेष लक्ष: शॉकअपची लांबी 600 मिमी धरली तर टॉवरचं डोकं 5 मिमी आत गेल्याने कॅम्बर (चाकाचा उभा कल) जवळपास अर्धा अंश बदलतो. मग अलाइनमेंटवाला कितीही पाने फिरवो, टायर एका कडेनेच झिजणार.

सगळं जुळलं की पॅनल काढून जोडाच्या दोन्ही पृष्ठभागांवरचा रंग साफ करा आणि झिंकचा वेल्ड-थ्रू प्रायमर मारा. स्पॉट मशीन असेल तर कारखान्यातल्या स्पॉटपेक्षा साधारण 1.3 पट स्पॉट द्या, कारण गॅरेजच्या मशिनचा दाब आणि करंट कारखान्याएवढा नसतो. मिगने (तार आणि गॅसच्या वेल्डिंगने) प्लग वेल्ड, म्हणजे भोक भरून वेल्ड, करायचं असेल तर वरच्या पत्र्यात 8 मिमीची भोकं पाडा, संख्या मूळ स्पॉटएवढी तरी हवी. भोकात खालच्या पत्र्यावरचा प्रायमर खरवडून टाका, नाहीतर वेल्डमध्ये बुडबुडे येतात. तार 0.8 मिमी, गॅस 80 टक्के आर्गॉन आणि 20 टक्के सीओटू, मिनिटाला 10-12 लिटर. उघड्या शेडमध्ये वारा गॅस उडवतो, पंखे बंद करून आडोसा लावा. दुपारी एमआयडीसीत व्होल्टेज खाली गेलं तर सकाळचं सेटिंग चालत नाही.

म्हणून आधी त्याच जाडीच्या दोन तुकड्यांवर वेल्ड करून ते छिन्नीने उचका. खालच्या पत्र्यातून तुकडा फाडून बोंड वर आलं तर वेल्ड पास. बोंड स्वच्छ सुटून खाली नुसता डाग राहिला, तर वेल्ड वरच्या वर बसलंय: करंट वाढवा. प्रत्यक्ष भरताना आर्क खालच्या पत्र्याच्या मधोमध सुरू करून गोल फिरवत भोक एका दमात भरायचं.

आधी काही ठिकाणी टॅक (छोटे तात्पुरते वेल्ड) मारून पुन्हा मोजा. मग मधून कडांकडे, या बाजूला एक, त्या बाजूला एक. सलग जोड असेल तर 15-20 मिमीचे टाके सोडून सोडून. एका टोकाकडून सलग ओढत गेलात तर पत्रा तापून खेचला जातो आणि माप हातचं जातं. गॅसने पितळ भरणं टाळा. उष्णता दूर पसरते, आणि पितळ लागलेल्या जागी पुढे मिग धरत नाही. झिंकचा पांढरा धूर छातीत गेला तर संध्याकाळी ताप भरतो, रुमाल बांधून तो अडत नाही, फिल्टरचा मास्क घाला. पोकळीतला फोम आणि गालिचा आतल्या आत धुमसतो, तेव्हा अग्निशामक घेऊन एक माणूस दुसऱ्या बाजूला उभा ठेवा. काम संपल्यावर अर्धा तास तरी कोणीतरी गाडीपाशी थांबावं.

वेल्ड घासताना मूळ पत्रा पातळ करू नका. त्यावर टूके (दोन भाग मिसळून लावायचा) एपॉक्सी प्रायमर, मग सीम सीलंट, मग रंग आणि सगळ्यात शेवटी मेंबरच्या पोकळीत लांब नळीने वॅक्स. वॅक्स आधी मारलं तर ते पेटतं. पाणी निघायची भोकं सीलंटने बुजवू नका. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा सीलंट आणि प्रायमर डब्यावरच्या वेळेत सुकत नाहीत. हॅलोजन लावा किंवा दिवसभर थांबा. घाईत बंद केलेल्या जोडाला कसारा-इगतपुरीच्या एका पावसाळ्यात आतून गंज धरतो.

सेन्सर त्याच्या बाणाच्या दिशेने, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर बसवा. एअरबॅगचा दिवा पेटून विझतो का बघा, चाकांचं अलाइनमेंट आणि हेडलाइटची उंची तपासा. शंभर-दीडशे किलोमीटर चालवून गाडी परत बोलवा. तेव्हा होजने बोनेट-काचेच्या सांध्यावर दहा मिनिटं पाणी सोडा आणि पायाखालचा गालिचा उचलून हात फिरवा.