दवाखान्याचं भेव कसं घालवावं

आपल्याकडे गावोगावी दोन तऱ्हेची माणसं सापडतात. एकाला साधा ताप आला तरी सुई टोचून घेतल्याशिवाय बरं वाटत नाही. सलाईनची बाटली लागली की पैसे वसूल. दुसरा छातीत दुखलं तरी "गॅस झाला असंल" म्हणतो आणि ओवा चावून पडून राहतो. हा लेख या दुसऱ्या माणसासाठी आहे, आणि त्याच्या मागे लागून थकलेल्या त्याच्या घरच्यांसाठी.

दवाखाना कुणालाच आवडत नाही, त्यात काही वावगं नाही. पण उद्या जायचं म्हणून आज झोप लागत नाही, दारापर्यंत जाऊन माणूस परत फिरतो, डोळ्याने दिसेनासं झालं किंवा गाठ वाढत चालली तरी लपवतो, आणि असं महिनोन् महिने चालतं, तेव्हा तो भित्रेपणा नसतो. तो त्रास आहे आणि त्यावर उपाय आहेत. "एवढा मोठा गडी अन् सुईले भेते" असं हसून तो जात नाही, उलट लपून बसतो.

या भीतीचं मूळ बहुतेक वेळा आपल्या दवाखान्यात जाण्याच्या रीतीत असतं. पेरणी, डवरणी, फवारणी, कापूस वेचणी यांतून सवड नाही, मजुरी बुडते, गाडी ठरवावी लागते. म्हणून दुखणं अंगावर काढायचं आणि अगदीच गळ्याशी आलं की आधी तालुका, तिथून "रेफर", मग नागपूरला मेडिकल नाहीतर मेयो, ही तिथली दोन मोठी सरकारी रुग्णालयं. इतक्या उशिरा नेलेल्यांतले काही परत येत नाहीत. गावात मागे वाक्य उरतं: "दवाखान्यात नेलं अन् गेला." त्याला न्यायलाच उशीर झाला होता, हे त्या वाक्यात येत नाही. कोरोनाच्या दोन वर्षांत तर हे वाक्य फार घरांत बोललं गेलं. तेव्हा खालच्या सगळ्या पायऱ्यांचा गाभा एकच आहे: दवाखान्याची पहिली ओळख बरं असताना करून घ्यायची.

पायरी १ : नेमकं कशाचं भेव, ते शोधा

"डॉक्टरचं भेव वाटते" हे उत्तर पुरेसं नाही. घरात निवांत वेळी, रागावल्याशिवाय विचारा: सुईचं? रक्त दिसण्याचं? फिनाईलच्या वासाचं? डॉक्टर ओरडण्याचं? पुरुष डॉक्टरसमोर अंग उघडं करण्याचं? बिलाचं? की "काही निघालं तर" याचं? एका माणसाला दोनतीन गोष्टी निघतील, दहा निघत नाहीत. आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा असतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' या आपल्या आरोग्यसंस्थेचं काम सुरू केलं तेव्हा आदिवासी लोक दवाखान्यात यायला धजत नसत. कारण विचारल्यावर कळलं की मोठ्या इमारतीत हरवल्यासारखं होतं, नातेवाइकांना बाहेर काढतात, आणि पांढरे कपडे तर मढ्याच्या अंगावरचे. मग संस्थेच्या वसाहतीतला, म्हणजे शोधग्रामचा दवाखाना गावातल्या झोपड्यांसारखा बांधला गेला, घरचे लोक सोबत राहू शकतील असा, आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. लोक अडाणी म्हणून भीत नव्हते. त्यांची कारणं होती आणि कुणीतरी ती विचारली.

काही भीती जुन्या माहितीवर उभी असते, ती माहिती बदलली की अर्धी ओसरते. कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं, हे अजून पारावर ऐकू येतं. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती जुनी लस भारतात २००५ च्या सुमारासच बंद झाली. आता सरकारी दवाखान्यात बहुधा दंडाच्या कातडीत बारीक सुया देतात: चावल्याच्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर जखमेतही एक औषध टोचतात, ते दुखतं. खोटं कशाला सांगा. पण पोटाला कुणी हात लावत नाही.

खर्चाचं भेव असेल तर हे सांगा: १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. चिठ्ठीचेही पैसे लागत नाहीत.

बाईमाणसाची अडचण संकोचाची असेल तर उपकेंद्रातल्या नर्सताईपासून सुरुवात करा. पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर एक बाई खोलीत असावी, असं बेधडक म्हणा. तो तुमचा हक्क आहे, मेहरबानी नव्हे.

पायरी २ : दुखणं नसताना जाऊन या

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. भीतीचा स्वभाव असा की आपण पळालो की त्या घटकेला सुटल्यासारखं वाटतं, आणि पुढच्या वेळी ती दुप्पट होऊन येते. तिथेच थांबून राहिलो तर ती चढते, टिकते आणि आपोआप उतरते. म्हणून लहान लहान टप्पे करायचे आणि प्रत्येक टप्प्यावर धडधड कमी होईस्तोवर थांबायचं. धडधड ऐन भरात असताना उठून यायचं नाही.

होळी ते मृगाच्या मधल्या दिवसांत वावरातलं काम कमी असतं, ते दिवस बरे. ऊन तापायच्या आत, सकाळच्या ओपीडीच्या वेळी निघा. पहिल्यांदा बाजाराच्या दिवशी जाता जाता दवाखान्याच्या आवारात झाडाखाली नुसतं बसा. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणासोबत आत जा. त्याची चिठ्ठी काढा, बाकावर बसा. मग उपकेंद्रात वजन करून घ्या. मग बीपी. त्यानंतर बोटाला टोचून साखर किंवा सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका पिढीजात आजाराची तपासणी. आपल्या विदर्भात सिकलसेल बरंच आढळतं, तेव्हा ती तशीही करून घ्यावी. शिरेतून रक्त देणं आणि डॉक्टरांसमोर बसून दुखणं सांगणं शेवटी. एका टप्प्यावर चारदा जावं लागलं तरी हरकत नाही, पण दोन खेपांत महिन्यांचं अंतर पडू देऊ नका.

बीपीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण घोटाळा इथेच होतो. पट्टा दंडाला गुंडाळला, फुगा दाबल्यावर तो आवळत गेला, की घाबरणाऱ्या माणसाचा आकडा खरोखर वर जातो. मग "बीपी आहे तुम्हाला" ऐकून तो आणखी घाबरतो. मोजण्याआधी पाच मिनिटं टेकून शांत बसा, लघवीला जाऊन या, पाय जमिनीवर ठेवा, हात छातीच्या उंचीवर टेकवा, मोजताना बोलू नका. तरीही जास्त आलं तर वेगवेगळ्या दिवशी गावातच मोजून घ्या आणि ते आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. "मले तं दवाखान्यातच वाढते" म्हणून चालू गोळी मनाने बंद करायची मात्र नाही.

पायरी ३ : सुई किंवा रक्त पाहून भोवळ येत असेल तर

ही भीती बाकीच्यांपेक्षा वेगळी असते आणि पुष्कळदा घराण्यात चालत येते; बापाला असली तर पोराला असण्याची शक्यता जास्त. इतर भीतीत काळीज धडधडतं, बीपी वर जातं. इथे बीपी आधी वर जातं आणि मग एकदम खाली येतं, नाडी मंदावते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस कोसळतो. म्हणून "अंग ढिलं सोड, लंबे श्वास घे" हा नेहमीचा सल्ला इथे उलटा पडतो. या माणसाने अंग आवळायचं असतं.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्त यांनी रुळवलेली ही रीत घरी खाटेवर बसून शिकता येते. हाताच्या मुठी, दंड, मांड्या, पोट सगळं एकदम घट्ट आवळा. दहा-पंधरा सेकंदांत तोंडावर गरमी चढल्यासारखी वाटेल. मग सोडा, पण पूर्ण ढेपाळू नका, नेहमीसारखं बसा. वीस-तीस सेकंद थांबून परत. असं पाचदा, दिवसातून दोनतीन वेळा, आठवडाभर. सवय झाली की दवाखान्यात नंबर येण्याच्या जरा आधी सुरू करा. ज्या हाताला टोचायचं तो सैल ठेवा आणि बाकीचं अंग आवळा. गरोदर बाई, हृदयरोग किंवा बीपी असलेल्यांनी आधी विचारून मगच करावं.

यासोबत लॅबवाल्याला अगोदरच सांगा, "मले भोवळ येते, झोपूनच घ्या." पाणी पिऊन जा, उपाशीपोटी तपासणी असली तरी साधं पाणी चालतं. रक्त दिल्यावर लगेच उठून गाडीला किक मारू नका.

पायरी ४ : डॉक्टरांना पहिल्यांदा भीतीच सांगा

खुर्चीत बसल्यावर दुखण्याआधी हे एक वाक्य: "डॉक्टरसाहेब, मले दवाखान्याचं लय भेव लागते, म्हणून उशिरा आलो." "इतके दिवस काय झोपले होते?" या ओरडण्याचा जोर तिथेच कमी होतो. ओरडणं बरोबर नाहीच. त्याच ओरडण्याने माणसं पुढच्या वेळी येत नाहीत, हे कित्येक डॉक्टरांच्या लक्षात येत नाही. पण समोर सकाळपासूनची रांग असते, तेव्हा तुमची दोन मिनिटं नीट वापरा. कुठे दुखतं, कधीपासून, कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढं चिठ्ठीवर लिहून न्या. बटव्यातली औषधाची पाकिटंही न्या, गावातल्या भुमक्याने किंवा वैद्याने दिलेली जडीबुटी असेल तीही. आणि काहीही करण्याआधी "काय करून राहिले ते सांगा" असं म्हणा. घरी कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या म्हाताऱ्यासोबत आशाताई असल्या तर निम्मं काम होतं.

सोबत एकच माणूस न्या, न घाबरणारा. आठ जणांनी भरलेला ऑटो पाहूनच पेशंटला वाटतं की आपलं काही खरं नाही.

घरच्यांनी काय करू नये

फसवून नेऊ नका. "चाल, बाजारात जाऊ" म्हणून थेट ओपीडीत बसवलेली आजी पुन्हा कधी तुमच्या गाडीवर बसणार नाही. आणि लेकराला "जेवत नाही? थांब, डॉक्टरले सांगून सुई टोचाले लावतो" हे तर आजच बंद करा. भेवाची पेरणी तिथूनच होते. दुखणार नाही असंही सांगू नका. "मुंगी चावल्यावाणी होईल, मग थांबते" असं सांगा आणि टोचताना त्याला मांडीवर घट्ट धरा.

या पायऱ्या सवडीच्या आहेत. साप चावला, फवारणीचं विष अंगात गेलं, छातीत कळ येऊन घाम सुटला, तोंड वाकडं झालं, गरोदर बाईला रक्त जायला लागलं, तर समजूत काढत बसू नका. १०८ ला फोन लावा आणि उचलून न्या. साप चावलेल्या जागी चीर देऊ नका, दोरी आवळून बांधू नका. त्यावरचं औषध दवाखान्यातच असतं.

इतकं करूनही दारातून पाय मागे येत असेल, किंवा भीतीपायी चालू उपचार सुटत असेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा. ज्याला दवाखान्याचंच भेव त्याने आणखी एका दवाखान्यात कसं जावं, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी टेलि-मानस या मनाच्या त्रासावरच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. घरच्या कुणी आधी लावून थोडं बोलून घ्यावं आणि मग फोन त्याच्या हातात द्यावा.