थंड उत्तरेकडील घरासाठी नैसर्गिक बांधकाम साहित्य कसे निवडावे

लांब आणि गोठवणाऱ्या हिवाळ्याच्या प्रदेशात घर बांधताना प्रत्येक साहित्याबाबत दोन गोष्टी तपासाव्यात: ते उष्णता किती अडवते आणि ओले झाल्यास किती सहज वाळते. पहिल्या गोष्टीकडे सर्वांचेच लक्ष असते. नैसर्गिक साहित्याची घरे मात्र बहुधा दुसरीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे कुजतात.

जाड भिंत म्हणजे उबदार भिंत, हा समज आधी सोडून द्यावा. दगड आणि माती उष्णता साठवतात, पण ती फारशी अडवत नाहीत. ४५ सेंटिमीटर जाडीच्या मातीच्या भिंतीतून जेवढी उष्णता बाहेर जाते, त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढीच तितक्याच जाडीच्या पेंढ्याच्या गाठींच्या भिंतीतून जाते. म्हणून मातीचे काम घराच्या आत ठेवावे, म्हणजे आतला गिलावा, जमीन आणि शेगडीमागची भिंत मातीची करावी. बाहेरच्या बाजूस पेंढा, लाकूडतंतूंचे फलक, मेंढीची लोकर किंवा सेल्युलोज (रद्दी कागदाचा बारीक चुरा) वापरावे. नुसत्या ओंडक्यांची भिंत देखणी असली, तरी कडक थंडीत ती एकटी पुरी पडत नाही, शिवाय ओंडके वाळताना ती खाली बसत असल्याने दारे-खिडक्यांच्या वर मोकळी फट राखावी लागते.

पेंढा निवडताना घाई करू नये. गवत नको, धान्य काढून उरलेल्या कोरड्या काड्याच हव्यात. गाठ दोरीला धरून उचलावी. ती सैल पडली तर परत करावी. हात मधोमध खुपसून पाहावा आणि मूठभर काड्या नाकाशी धराव्यात: कुबट वास, काळे डाग किंवा आतली ऊब यांपैकी काहीही जाणवले, तर ती गाठ घेऊ नये. आर्द्रतामापकाची लांब सुई गाठीच्या पोटात घालावी. आकडा १५ टक्क्यांच्या आत असावा.

हिवाळ्यात घरातली दमट हवा बारीक फटींतून भिंतीत शिरते आणि बाहेरच्या थंड थराशी पोहोचली की तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होते. त्यामुळे आतली बाजू हवाबंद असावी, विशेषतः भिंत छताला आणि चौकटीला मिळते तिथे, आणि बाहेरच्या थरांतून बाष्पाला आतल्यापेक्षा सहज वाट मिळावी. पेंढ्यावर सिमेंटचा गिलावा मी कधीही सुचवणार नाही, कारण आत अडकलेला ओलावा त्यातून बाहेर पडत नाही. आत मातीचा आणि बाहेर चुन्याचा गिलावा द्यावा. चुन्याचे काम कडाक्याची थंडी सुरू होण्याच्या कित्येक आठवडे आधी संपवावे, कारण ओला चुना गोठला की त्याचे पापुद्रे सुटतात. चुना आणि हेम्पच्या (भांगेच्या जातीच्या झाडाच्या) काड्यांचे मिश्रणही सावकाश वाळते, तेव्हा तेही उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच भरावे.

जोते तिथे साचणाऱ्या बर्फाच्या थरापेक्षा उंच ठेवावे आणि छताची वळचण भरपूर पुढे काढावी. खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा, आणि तिच्या कडेखाली खाच ठेवावी, म्हणजे वितळलेले पाणी भिंतीकडे न ओघळता तिथूनच थेंबाथेंबाने खाली पडेल.