कोमात्सुगावा ते निशी-कासाई: टोकियोच्या नदीकाठच्या शांत वस्तीत अर्धा दिवस कसा घालवावा

टोकियोला जाणाऱ्या आपल्या लोकांची यादी बहुतेक ठरलेली असते: आसाकुसाचं देऊळ, शिबुयाचा चौक, एखादा उंच मनोरा, जमलं तर फुजी. त्यातून एक दुपार बाजूला काढा आणि शहराच्या पूर्व टोकाला एदोगावा वॉर्डात या, असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. माझी धाकटी बहीण निशी-कासाईत राहते. तिच्याकडे दोन-तीनदा राहून आल्यामुळे हा रस्ता माझ्या पायाखालचा झाला आहे. इथे तिकीट काढून बघायचं जवळपास काही नाही. मोठी नदी आहे, तिला लांबलचक बांध आहे आणि बांधाच्या आड लोकांची घरं आहेत. बांधावर उभं राहून आधी नदीकडे आणि मग घरांकडे बघितलं की हा भाग कळायला लागतो. पुढची सगळी वाट त्यासाठीच आखली आहे.

दिवस आणि वेळ

मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा सर्वांत चांगला, कारण कोमात्सुगावाच्या बांधावर चेरीच्या झाडांची लांब रांग आहे. नोव्हेंबर-डिसेंबरही छान, हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असतं. जुलै-ऑगस्टमध्ये भर दुपारी येऊ नका. बांधावर फारशी सावली नाही आणि टोकियोचा उन्हाळा मुंबईच्या मे महिन्याइतकाच घामट असतो. सप्टेंबर-ऑक्टोबर हा वादळांचा काळ, तेव्हा आदल्या रात्री हवामान बघूनच ठरवा.

चालणं सहा किलोमीटरच्या आसपास होतं. रमतगमत चार तास धरा. दुपारी एकच्या सुमारास सुरुवात केली की संध्याकाळी निशी-कासाईला पोचता. हिवाळ्यात साडेचारलाच सूर्य मावळतो, म्हणून तासभर आधी निघा.

काय बरोबर घ्यावं

पाण्याची बाटली, वाऱ्यासाठी पातळ जॅकेट, थोडे सुटे येन, गाडीच्या भाड्यासाठी आधी पैसे भरून ठेवायचं सुइका किंवा पास्मो कार्ड आणि कचऱ्यासाठी एक पिशवी. पिशवी विसरू नका. रस्त्यावर कचराकुंड्या नसतात. खाल्लेल्या बिस्किटाचा कागद घरापर्यंत बरोबर न्यायचा, ही इथली रीत आहे.

गाडी कोणती पकडावी

तोएई शिंजुकू मार्गाने हिगाशी-ओजिमा स्थानकावर उतरायचं. शिंजुकूहून साधारण पंचवीस मिनिटं लागतात. गाडी मात्र धीमीच घ्या, कारण जलद गाडी इथे थांबत नाही. पहिल्या खेपेला मी जलद गाडीत बसले आणि थेट नदीपलीकडे फुनाबोरीला जाऊन पोचले. तसं झालंच तर उलट दिशेच्या धीम्या गाडीने एक स्थानक मागे या.

हे स्थानक जुन्या नाकागावा नदीच्या पात्रावरच उभं आहे. फलाटाखालून पाणी वाहतं. बाहेर पडताना कोमात्सुगावाच्या बाजूचं दार घ्या.

पहिला थांबा: जमिनीत गाडलेला दरवाजा

स्थानकापासून दहा-बारा मिनिटांवर ओजिमा-कोमात्सुगावा बाग आहे. तिच्या उंचवट्यावर किल्ल्याच्या बुरुजासारखी दिसणारी एक जुनी वास्तू आहे. ती १९३० सालची कोमात्सुगावा जलपाशाची कमान. जलपाश म्हणजे दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या पाण्यांमधून होड्या वरखाली नेणारं कुलूपघर. वास्तूचा साधारण दोन-तृतीयांश भाग मातीखाली गेला आहे, आपल्याला दिसतो तो नुसता माथा. हात लावून बघा. काँक्रीट खडबडीत आहे, पावसाने काळं पडलं आहे आणि भोवती मुलं चेंडू खेळत असतात.

पूर्वी हा सगळा कारखान्यांचा पट्टा होता. पुढे कारखाने हलले, उंच इमारती आल्या आणि मधोमध ही प्रचंड बाग ठेवली गेली. भूकंप झाला, आगी लागल्या तर आसपासच्या लोकांनी इथे धाव घ्यावी, अशी ती योजना आहे. म्हणून ही हिरवळ इतकी मोकळी आणि सपाट आहे.

जुन्या कमानीपासून नदीकडे चालत गेलात की २००५ साली सुरू झालेला नवा जलपाश दिसतो, आराकावा लॉक गेट. इथे घाई करू नका. आराकावा नदी आणि आतल्या कालव्याच्या पाण्यात जास्तीत जास्त ३.१ मीटरचा फरक पडतो. आतलं पाणी मुद्दामच खाली राखलेलं असतं. एखादी होडी आली तर तिचा प्रवास पूर्ण बघा, वीसेक मिनिटांत होतो. होडी आत शिरते, मागचा लोखंडी दरवाजा बंद होतो, पाणी चढतं किंवा उतरतं आणि पुढचा दरवाजा पाणी निथळत वर उचलला जातो.

दुसरा टप्पा: बांधावर चढून बघा

आता बांधावर या आणि समोर बघा. सुमारे अर्धा किलोमीटर रुंद पाणी. नदी इथे आधीपासून होती असंच वाटतं, पण हे पात्र माणसांनी खणलेलं आहे. ऑगस्ट १९१० मध्ये टोकियोत महापूर आला. त्यानंतर शहराला वळसा घालून पाणी समुद्रात सोडायला २२ किलोमीटरचा हा प्रवाह खणायला घेतला. त्यासाठी सुमारे १,३०० घरं उठवावी लागली. १९२४ मध्ये त्यात पाणी सोडलं आणि १९३० मध्ये काम पुरं झालं. या कामावरचे प्रमुख अभियंते आकिरा आओयामा त्याआधी पनामा कालव्यावर काम करून आले होते.

आता मागे वळा आणि घरांकडे बघा. एदोगावा वॉर्डाची जवळपास ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. विसाव्या शतकात जमिनीखालचं पाणी आणि वायू उपसला गेला आणि जमीन खचत गेली. गॅलरीत वाळत घातलेल्या गाद्या, सायकलवर पुढे-मागे मुलं बसवून जाणारी आई, शाळेचं मैदान, हे सगळं नदीच्या भरतीपेक्षा खाली आहे. बांध आहे म्हणून ते कोरडं आहे. २०१९ मध्ये वॉर्डाने काढलेल्या पूर-नकाशाच्या मुखपृष्ठावर तर रहिवाशांना सांगितलं होतं, ‘इथे थांबू नका’. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या वादळात लाखो रहिवाशांना घर सोडून जाण्याची सूचना द्यावी लागली होती. इथे आल्यावर कुठल्याही सुंदर दृश्यापेक्षा मला हे जास्त भिडतं.

तिसरा टप्पा: पूल ओलांडून दक्षिणेकडे

बांधावरून उत्तरेला, म्हणजे लोहमार्गाच्या पुलाकडे चाला. त्याच्या शेजारीच फुनाबोरी पूल आहे, त्याला पदपथ आहे. पुलावर वारा जोराचा असतो, टोपी हातात धरा. पुलाखाली दोन नद्या शेजारीशेजारी वाहतात, आराकावा आणि नाकागावा. मधल्या चिंचोळ्या बांधावरून द्रुतगती मार्ग जातो.

पलीकडे उतरून नाकागावाचा काठ धरा आणि पाणी उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे चालत राहा. तासभराच्या या चालीसाठी वेगळ्या सूचना नाहीत. गळ टाकून बसलेले आजोबा, धावणारी माणसं, कुत्री फिरवणाऱ्या बायका भेटतील. नजरानजर झाली तर हलकी मान लववून ‘कोन्निचिवा’ म्हणा.

वागण्याच्या दोन-चार गोष्टी मनापासून सांगते, कारण आपण इथे दुसऱ्याच्या अंगणातून चालत असतो. एका कडेने चाला, मागून सायकली येतात. पाच-सहाजण असाल तर फळी धरून चालू नका. व्हिडिओ कॉल स्पीकरवर लावून बोलू नका, पाण्याकाठी आवाज फार लांब जातो. मुलांचे, वाळत घातलेल्या कपड्यांचे, घरांच्या दारांचे फोटो काढू नका. स्वच्छतागृहं बागांमध्ये असतात, तिथेच उरकून घ्या.

संध्याकाळी खांबांवरच्या भोंग्यांतून एक संथ धून वाजते. दचकू नका. मुलांनी आता घरी जावं, असा तिचा अर्थ आहे. आणि आपत्तीच्या वेळी सूचना देणारे भोंगे नीट चालतात ना, हेही त्यातून रोज तपासलं जातं.

शेवटचा टप्पा: निशी-कासाई

तोझाई मार्गाचा लोहमार्ग डोक्यावर दिसला की बांध सोडून डावीकडे वळा. पंधरा-वीस मिनिटांत निशी-कासाई स्थानक येतं. लहान मुलं बरोबर असतील आणि वेळ हाताशी असेल तर दुसऱ्या दिवशी स्थानकाच्या उत्तरेच्या ग्योसेन बागेत जा. तिथलं छोटं प्राणिसंग्रहालय फुकट आहे, सोमवारी बंद असतं.

इथे कानावर मराठी पडलं तर नवल नाही. २००० सालाच्या आसपास संगणक क्षेत्रातले भारतीय या भागात राहायला आले. इथून मध्य टोकियोतल्या ओतेमाचीच्या कचेऱ्यांकडे थेट गाडी आहे. शिवाय सरकारी पाठबळाच्या वसाहतींमध्ये जामीनदार लागत नाही आणि घरमालकाला परत न मिळणारी ‘भेट’ द्यावी लागत नाही. महाराष्ट्रातून आलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. जपानमध्ये निवडणूक जिंकलेले ते पहिले भारतीय वंशाचे गृहस्थ.

किराणा दुकानांत तूरडाळ, पोहे, कढीपत्ता मिळतो. पण मी सांगेन, साध्या जपानी भाजीवाल्याकडून कोमात्सुनाची एक जुडी घ्या. या पालेभाजीचं नाव कोमात्सुगावावरूनच पडलं. शिकारीला आलेल्या शोगुन (त्या काळचा लष्करी राज्यकर्ता) योशिमुनेने ते ठेवलं असं सांगतात. देठ करकरीत, पानं पालकापेक्षा जाड, वास किंचित मोहरीच्या पाल्यासारखा. माझी बहीण देठ बारीक चिरून आधी परतते, मग पानं घालते आणि वरून बेसन पेरून झाकण ठेवते. भाकरीबरोबर ती भाजी आपल्या घरचीच लागते.

परतताना तोझाई मार्गाची ओतेमाचीकडे जाणारी गाडी घ्या. इथेही धीमीच थांबते. संध्याकाळी त्या दिशेला गर्दी कमी असते, सकाळी सात ते नऊ मात्र हा मार्ग टाळाच. बसू नका, दाराच्या काचेशी उभे राहा. स्थानक सुटल्यावर लगेच गाडी पुलावर चढते आणि सव्वा किलोमीटरभर खाली फक्त पाणी असतं: आधी नाकागावा, मग द्रुतगती मार्गाचे दिवे, मग आराकावा. पलीकडचा बांध मागे पडला की थोड्याच वेळात बोगदा लागतो.