इंधनाची नळी आखताना आधी काय विचारावं

घरी विमान बांधणारे बहुतेक जण इंजिन आधी निवडतात आणि इंधनाच्या नळ्या उरलेल्या जागेतून कशाबशा नेतात. मला हा क्रम पटत नाही. टाकी इंजिनाच्या वर आहे की खाली, हा माझा पहिला प्रश्न असतो. हाय-विंग विमानात, म्हणजे पंख आणि त्यातली टाकी वर असते तिथे, इंधन स्वतःच्या वजनाने खाली येतं, पण एक मीटर उंचीमागे दाब मिळतो जेमतेम ०.०७ बार. लो-विंगला, म्हणजे पंख खाली असलेल्या विमानाला, पंप लागतोच, आणि तिथे खरी गंमत सुरू होते.

पंप ढकलायला तरबेज असतो, ओढायला नाही. ओढणाऱ्या बाजूला दाब घटतो, त्यात फायरवॉलपुढची (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या आगरोधक भिंतीपुढची) उष्णता मिळाली की नळीतच पेट्रोलची वाफ होते. हाच व्हेपर लॉक. गाडीचं पेट्रोल विमानाच्या पेट्रोलपेक्षा लवकर उकळतं, म्हणून ते वापरणाऱ्यांनी जास्त जपावं. माझा आग्रह असा, की इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ आणि शक्य तितका खाली बसवा. तो फायरवॉलच्या पुढे, सायलेन्सरशेजारी पाहिला की मी पुढची चर्चा थांबवतो.

लो-विंगमध्ये सिलेक्टरला (कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणाऱ्या वाल्व्हला) 'दोन्ही टाक्या' अशी जागा ठेवू नका. एक टाकी रिकामी झाली की पंपाला तिथून हवा ओढणं सोपं, मग दुसरी भरलेली असूनही इंजिन बंद पडतं.

प्रवाह हातांनी मोजायचा. टेकऑफला लागणाऱ्या इंधनाच्या दीडपट प्रवाह गुरुत्वाकर्षणावर, किंवा सव्वापट पंपावर मिळायला हवा. रोटॅक्स ९१२ यूएलएस हे इंजिन टेकऑफला ताशी २७ लिटर पितं, म्हणजे गुरुत्वाकर्षणावर साधारण ४० लिटर. कार्ब्युरेटरजवळ नळी सोडवा, मापाचा डबा धरा. दीड मिनिटात एक लिटर पडलं तर ठीक. पण विमानाचं नाक चढणीइतकं उचलून आणि टाकीत अगदी थोडं इंधन ठेवून. सपाट जमिनीवर, भरल्या टाकीने केलेली चाचणी फक्त समाधान देते. काम उघड्यावर करा, विमान तारेने जमिनीशी जोडून अर्थ करा, अग्निशामक हाताशी ठेवा.

बिघाड शोधताना सुटे भाग बदलत सुटू नका. लक्षण कधी दिसतं ते आधी लिहून काढा. सुरुवातीला छान चालणारं इंजिन काही वेळाने मरगळत असेल, तर मी व्हेंटकडे, म्हणजे टाकीत हवा येण्याच्या छिद्राकडे, वळतो. कुंभारीण माशीला ते छिद्र फार आवडतं. टाकीचं झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज आला तर संशय पक्का. तापल्या दिवशी, उतरून थोड्या वेळाने पुन्हा सुरू करताना रडणारं इंजिन बहुधा वाफेचं असतं. दाब कमी दिसतोय पण इंजिन बिनतक्रार चालतंय? मग सेन्सर आणि त्याचं अर्थिंगही तपासा. गाळणीत रबराचे काळे कण सापडले तर होज आतून सुटतोय; नुसती गाळणी धुऊन पुढे जाऊ नका.

जोडांवर टेफ्लॉन टेप नको, तिचे धागे कार्ब्युरेटरपर्यंत पोचतात. विमानाच्या फिटिंगचा फ्लेअर (नळीचं पसरवलेलं तोंड) ३७ अंशांचा, गाडीचा ४५. दोन्ही एकमेकांवर चढतात खरे, पण गळतात. आणि एकही नळी हलवली, तरी डब्याची चाचणी पुन्हा करायची, नाक वर करूनच.